अर्धा भरलेला हात

"तू उभी राहणार नाहीस जुलेखा, म्हणूनच तुला उभी करतोय," हाजी दस्तगीर म्हणाले.

हाजीसाहेब म्हणजे आमच्या जमातीचे सदर. फळांची वखार, तीन हज आणि मोठा आवाज. त्यांच्या वखारीच्या पुढच्या खोलीत आम्ही बसलो होतो. जमातीची चारपाच पुरुषमाणसं, पलीकडे खुर्चीवर तहसीनबाई, आणि दाराशी बांगड्यांची पेटी मांडीजवळ घेऊन मी, मणेरीण.

"हाजीसाहेब, मला सही येते तेवढंच. मी काय करू नगरपालिकेत जाऊन?"

"जायचंच नाही तुला. तेच तर सांगतोय. उमेदवार तहसीनबाईच. पण बाईंच्या फॉर्मवर देशमाने हरकत घेणार. बाई पालिकेच्याच शाळेत शिक्षिका होत्या, त्यातलं काहीतरी काढणार. फॉर्म उडाला तर? म्हणून एक डमी फॉर्म हवा. बाईंचा टिकला की तू तुझा मागे घ्यायचास. झालं."

"मग तुमच्या घरातलं कुणी भरा की."

हाजीसाहेबांनी डाळिंब उचलून उगाच वास घेतला. तहसीनबाई पदराआड हसल्या. सगळ्यांना ठाऊक होतं, ज्याच्या घरातल्या बाईचा फॉर्म भरला त्याला तो मागे घ्यावासा वाटला नसता. मी विधवा. मूलबाळ नाही. नवऱ्याच्या बाजूनं कुणी पुढारपण करणारं नाही. आमच्या गल्लीत निर्धोक बाई एवढी एकच सापडली होती.

बायकांसाठी राखीव जागा तेव्हा नुकत्याच आल्या होत्या. करंजपेठ नगरपालिकेत आमचा वॉर्ड पहिल्यांदा बायकांना सुटला. वॉर्डात बागवान गल्ली, मणेर गल्ली, कुंभारवाडा, माळ्यांची आळी आणि वरच्या अंगाला देशमान्यांचा मोठा गोतावळा. आजवर रंगराव देशमाने निवडून यायचे. सगळे त्यांना अण्णा म्हणत. आता बायकांना जागा सुटल्यावर अण्णांनी बायकोला उभं केलं, सुमनवहिनींना. वहिनी चांगल्या होत्या. बांगडीचं माप दोन-सहा, हात मऊ, भरताना कधी 'हाय' म्हणायच्या नाहीत.

माणसं मला हातावरून कळतात. ज्याच्या त्याच्या कामानं त्याला जसं दिसतं तसं मला दिसतं. मनगट आवळून धरणारी बाई पैशाची असो वा नसो, शब्दाची पक्की असते. हात सैल सोडून देणारी कबूल सगळं करते. तहसीनबाई हात पुढे करायच्या तेव्हा बोटं एकत्र जुळवून, अंगठा आत दुमडून, एकदम तयार. बावीस वर्षं पोरींना असंच शिकवलं होतं त्यांनी. माप दोन-चार.

त्या उभ्या होत्या ते एका गोष्टीसाठी. पालिकेची मुलींची उर्दू शाळा पाडून तिथं व्यापारी संकुल आणि वर मंगल कार्यालय बांधायचं अण्णांनी ठरवलं होतं. शाळा हायवेपलीकडच्या इमारतीत हलवायची. "आपल्यातली कोण पाठवील पोरीला हायवे ओलांडून?" बाई म्हणायच्या. "शिकणं बंद, पोरी घरात. आणि सभेत हे बोलायला आपलं एक माणूस नाही. मला नगरसेवक व्हायचं नाही, जुलेखा. मला त्या सभेत फक्त एकदा उठून उभं राहायचंय."

मी सही केली.

*

त्यानंतरचे दिवस मी बाईंसाठी फिरले, आणि फिरले म्हणजे जिथं हाजीसाहेबांचा आवाज पोचत नव्हता तिथं. गल्लीतली मतं त्यांनी जमातीत बसवली होती. पण तेवढ्यानं भागत नव्हतं. कुंभारवाड्यातली आणि माळ्यांच्या आळीतली शंभरेक मतं फिरली तरच बाई निवडून येत होत्या. तिथं पुरुषांनी हाजीसाहेबांना चहा पाजला असता आणि मत अण्णांना दिलं असतं. बायकांच्या ओट्यावर मात्र मीच जाऊ शकत होते.

कुंभारवाड्यातल्या हौसाबाईचा हात भरता भरता मी विषय काढला.

"हौसाबाई, यंदा शिक्का कुणाला?"

"अण्णाला. आणि कुणाला?"

"अण्णा कुठं हायत? वहिनी हायत."

"मग वहिनीला. तूच तर तिचा हात भरतीस."

"हात मी सगळ्यांचा भरते. मत एकालाच द्यायचं असतं. तहसीनबाईंना द्या की. पोरींची शाळा जातीया."

"तुमची शाळा ती. आमची कुठं?"

"तुमच्या नातीला पाढे कुणी शिकवले? संध्याकाळी ओट्यावर बसून?"

हौसाबाईनं हात ओढून घेतला नाही. तो तिनं माझ्या हातात तसाच ठेवला. "बाईनंच शिकवले," ती म्हणाली. "पण मी तिला वळखत न्हाई. तुला वळखते. तुझ्या शब्दाखातर देते. आमच्या पाच जणी देतील. पण पुरुषांना सांगू नगंस."

असे मी 'तुझ्या शब्दाखातर' गोळा करत फिरले. पन्नास झाले, मग साठ. कुणाचं किती खरं हे मी मनगटावरून धरत होते. बाईंना येऊन सांगायची, "आज कुंभारवाड्यात सात. एक कच्चं." बाई हसून म्हणायच्या, "तू गणिताची शिक्षिका व्हायला हवी होतीस."

देशमान्यांनी खरंच हरकत घेतली. ती छाननीत फेटाळली गेली, तेव्हा ते अपिलात गेले. अपिलाचा निकाल अर्ज मागे घेण्याच्या अखेरच्या दिवशी. त्यामुळं माझा फॉर्म तोवर ठेवायचा, निकाल लागला की त्याच दिवशी दुपारी तीनच्या आत मागे घ्यायचा, असं ठरलं. मागे घ्यायला स्वतः जायचं. दुसऱ्याच्या हाती पाठवायचं तर आधी लेखी अधिकार द्यावा लागतो, आणि तो द्यायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. तीन हज केलेल्या माणसाच्याही नाही.

त्याच सुमाराला देशमान्यांकडून निरोप आला. अण्णांच्या पुतणीचं, पल्लवीचं लग्न. चुडा भरायला ये. दिवस तोच.

"त्या दिवशी मला जरा काम आहे," मी निरोप्याला म्हटलं.

"सकाळी दहाला सुरू करू म्हणतात. बारापर्यंत मोकळी."

लग्न तर अजून सहा दिवसांवर होतं. चुडा आदल्या दिवशी भरतात, फार तर दोन दिवस आधी. "इतक्या लवकर?" मी विचारलं. "पाव्हणं लांबून येणार, घरात गडबड, म्हणून," निरोप्या म्हणाला. मला पटलं. त्या घराचा चुडा माझ्या सासूनं भरला, तिच्या सासूनं भरला. अण्णांच्या आईचा चुडासुद्धा आमच्या घरचा. निवडणुका पाच वर्षांनी येतात, चुडा पिढ्यान्‌पिढ्या येतो. नाही कसं म्हणणार?

हाजीसाहेबांना सांगितलं तेव्हा ते चिडले. "त्यांच्या घरी? त्याच दिवशी?"

"बारापर्यंत होईल."

"निकाल लागला की रिक्षा पाठवतो. रिक्षा दारात आली की उठायचं."

"उठेन."

*

दहाला गेले तर नवरी न्हायली नव्हती. अकराला न्हायली. मग ओट्यावर सवाष्णींचे हात आधी भरायचे असं वहिनींच्या सासूबाईंनी काढलं. पाच सवाष्णींच्या अकरा झाल्या, कारण आणखी पाहुण्या निघाल्या. मी घाई करत होते आणि त्या गप्पा मारत होत्या. मलाही बोलायची सवय. पेटी उघडली की तोंड उघडतं. त्या ओट्यावर मी वर्षानुवर्षं किती बडबड केली असेल, त्याला माप नाही.

एक वाजता दारात रिक्षा वाजली. हाजीसाहेबांचा भाचा आत न येता बाहेरूनच ओरडला, "अपील फेटाळलं! बाईंचा फॉर्म कायम! जुलेखाखाला, चला!"

ओट्यावरच्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. सुमनवहिनी मात्र हसून म्हणाल्या, "बरं झालं की. आता लढतीला मजा येईल. जुलेखा, नवरीचा हात तेवढा भर आणि जा. किती वेळ लागतो तुला?"

वेळ कसला लागतोय? पल्लवीचा हात दोन-दोनचा, कोवळा. एकोणीस वर्षांची पोर. उजव्या हातात अकरा, डाव्यात दहा. माझ्या हाताला वीस मिनिटं. मी भाच्याला म्हटलं, "दोनला निघू."

उजव्या हातात सहा गेल्या आणि वहिनींनी कौतुकानं तो हात धरला. "बघू बघू, कसा दिसतो." जरा जोरात धरला असावा. तीन बांगड्या वाढल्या. आमच्याकडं बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. आणि नवरीच्या चुड्यातली एक जरी वाढली तरी तो हात पुरा रिकामा करून पहिल्यापासून भरायचा. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "आधी देवापुढं साखर ठेवू. मग भर." देवघरात निरांजन लागलं, आरती झाली, पोरीला तिथं बसवली. पावणेदोन झाले, दोन झाले.

पुन्हा सुरू केलं. आता सावकाश, साबणाचं पाणी लावून. नऊ गेल्या. पल्लवीच्या डोळ्यांत पाणी. "दुखतंय का गं?" तिनं मान हलवली. पाणी प्यायला तिनं तोच हात तांब्याकडं नेला आणि तो पितळेच्या कडेवर आपटला. दोन वाढल्या.

पोर हमसून रडायला लागली. "रडू नकोस," मी म्हटलं, "होतं असं." आणि माझी नजर भिंतीवरच्या घड्याळाकडं गेली. दोन पस्तीस. बाहेर रिक्षावाला भोंगा वाजवत होता.

मी उठायला हवं होतं. हे वाक्य मी तेव्हापासून किती वेळा म्हटलं असेल. पेटी मिटायची, "आले अर्ध्या तासात" म्हणायचं आणि जायचं. पालिका चार मिनिटांवर.

पण भरता हात सोडून उठायचं नाही, हे माझ्या सासूनं मला पेटीबरोबर दिलं होतं. नवरीचा हात अर्धा ठेवून मणेरीण उठली तर त्या घराला ते कायमचं लागतं, असं सगळा गाव मानतो. मी मानते की नाही हे कुणी विचारलं नसतं. उद्या त्या पोरीच्या संसारात काही वाकडं झालं असतं, मूल राहिलं नसतं, नवरा बरा निघाला नसता, तर वीस वर्षांनीही लोक म्हणाले असते, मणेरीण निवडणुकीसाठी अर्धा चुडा टाकून गेली. आणि 'मणेरीण' म्हणजे एकटी जुलेखा थोडीच? देशमान्यांच्या घरातून उठून गेलेली सगळी गल्ली ठरली असती.

मी हात भरला. उजवा अकरा, डावा दहा. पल्लवी पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, "चुडा अखंड राहू दे." वहिनी ओटीचं ताट आणायला गेल्या ते मी घेतलंच नाही. धावत रिक्षात बसले.

पालिकेत निवडणुकीचे साहेब टेबलामागं बसले होते. भिंतीवरच्या घड्याळाकडं बोट करून म्हणाले, "बाई, तीन वाजून आठ मिनिटं."

"साहेब, नवरीचा चुडा भरत होते."

"समजलं. पण वही तीनला बंद केली."

"मला उभं राहायचंच नाही, साहेब."

"ते मला दिसतंय," साहेब म्हणाले, आणि खरंच त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं की त्यांना दिसतंय. "पण मी काही करू शकत नाही."

दुसऱ्या दिवशी चिन्हं वाटली. मी काही मागितलं नाही, एका कोपऱ्यात डोकं धरून बसले होते. साहेबांना वाटलं, बाईला मदत करावी. "तुमचा धंदा बांगड्यांचा ना? यादीत बांगडी आहे. घ्या." तहसीनबाईंना छत्री मिळाली.

*

मग मी एक काम केलं जे करंजपेठेत आधी कुणी केलं नव्हतं आणि नंतरही केलं नसेल. मी दारोदार फिरून सांगितलं, मला मत देऊ नका.

"बांगडीवर मारू नका. छत्रीवर मारा. बांगडी नको, छत्री."

"छत्री कुणाची?"

"बाईंची."

"आणि बांगडी?"

"माझी. तिच्यावर नको."

माळ्यांच्या आळीतली एक म्हातारी पोट धरून हसली. "अगं, किती लाजतीस! आमचा अण्णा बघ, भिंतीभिंतीवर स्वतःला मत मागतोय. तू नगं नगं म्हणतीस. चांगल्या माणसाचं असंच असतं."

"म्हातारे, मी लाजत नाही, खरंच सांगते."

"व्हय व्हय," म्हातारी म्हणाली, आणि डोळा मारला.

काखेत पेटी असायची, त्यामुळं जिथं जाईन तिथं बांगडी बघूनच लोक माझ्याशी बोलायला लागत. पेटी घरी ठेवून गेले, तर म्हणाले, बघा, उमेदवार झाली, धंदा सोडला. जितकं फिरले तितकं माझंच नाव झालं. सगळ्या वॉर्डात माझा प्रचार माझ्याइतका कुणी केला नसेल.

गल्लीत तर वेगळंच चाललं होतं. हाजीसाहेबांनी जुम्म्याच्या नमाजानंतर मशिदीबाहेर उभं राहून सांगितलं, "जुलेखाचा फॉर्म चुकून राहिलाय, मतं फक्त छत्रीला." त्यातला 'चुकून' त्यांनी ज्या आवाजात म्हटला तो आवाज अजून माझ्या कानात आहे. पाणी भरायला गेले की नळावरच्या बायका बाजूला सरकत. रशीदाभाभी, जिची तीन बाळंतपणं मी उशाशी बसून काढली, ती एकदा हळूच म्हणाली, "किती दिले गं देशमान्यांनी?"

"काय किती?"

"सांगू नकोस बाई. पण आमच्यात राहायचंय तुला, एवढं ध्यानात ठेव."

"नवरीचा हात अर्धा होता, भाभी."

"हां," ती म्हणाली. "हाताचीच तर गोष्ट आहे."

काय सांगणार? मी बांगड्या भरत बसले म्हणून सगळ्या जमातीची जागा धोक्यात आली, हे खरं असूनही कुणाला खरं वाटण्यासारखं नव्हतं. पैसे खाल्ले असते तर लगेच पटलं असतं.

त्यात एकदा अण्णा बाजारात समोरून आले. भर गर्दीत थांबून, दोन्ही हात जोडून म्हणाले, "काय उमेदवारीणबाई! तब्येत सांभाळा, उन्हाची फार फिरता." सगळा बाजार बघत होता. मी काही उत्तर दिलं नाही, तर 'गप्प राहिली' असं झालं. दिलं असतं तर 'बोलत होती' असं झालं असतं.

एकट्या तहसीनबाई तेवढ्या बदलल्या नाहीत. माझ्याबरोबर दारोदार आल्या. मी "मला नको, यांना द्या" म्हणायची आणि त्या माझ्याशेजारी बोटं जुळवून उभ्या. लोक आम्हा दोघींकडं बघत आणि गोंधळत.

*

मतमोजणी पालिकेच्या सभागृहात झाली. तिन्ही नावांचे गठ्ठे टेबलावर ठेवले होते. माझा गठ्ठा लहान होता, पण होता.

सुमन देशमाने चारशे अठ्ठ्याण्णव. तहसीन आतार चारशे सत्तावन्न. जुलेखा मणेर त्र्याण्णव.

एक्केचाळीस कमी पडली. ती कुठं गेली हे विचारायची गरज नव्हती.

ती त्र्याण्णव मी आजही एकेक करून सांगू शकते. अडतीस आमच्या गल्लीतली, बहुतेक म्हाताऱ्या, ज्यांना हात माझा ओळखीचा आणि छत्री कुणाची ते ध्यानात राहिलं नाही. उरलेली पंचावन्न कुंभारवाड्यातली आणि माळ्यांची. म्हणजे 'शब्दाखातर' गोळा केलेली. जवळजवळ सगळ्याच जणींनी शब्द पाळला होता.

निकालाच्या संध्याकाळी हौसाबाई मला शोधत आली. खूश होती. "आमच्या पाच जणींनी बांगडीवर मारला बघ."

"हौसाबाई, मी छत्री सांगितली होती."

"ती तुझ्यासाठीच देणार होते मी," ती म्हणाली. "मग तूच उभी हायस म्हटल्यावर तिला कशाला देऊ? तुला वाईट वाटायला नगं, कुणी दिलं न्हाई म्हणून." मग माझा चेहरा बघून तिचा उतरला. "चुकलं का गं?"

"नाही," मी म्हटलं. "तुमचं नाही चुकलं."

तहसीनबाई पायऱ्यांवर बसल्या होत्या. मी जवळ जाऊन उभी राहिले. त्यांनीच वर बघितलं.

"जुलेखा, एक विचारू? रागावू नकोस. हात अर्धा सोडून उठता आलं नसतं का?"

दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी भांडले असते. बाईंना खोटं सांगता येत नव्हतं. मी म्हटलं, "नाही."

त्यांनी मान डोलावली. "हं. तुला नसतं आलं," त्या म्हणाल्या. तो विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही.

उन्हाळ्यात शाळा पाडली. हायवेपलीकडं पहिल्या वर्षी एकतीसपैकी सहा मुली गेल्या. दुसऱ्या वर्षी दोन. तहसीनबाई लेकीकडं राहायला गेल्या आणि तिथंच वारल्या. मयतीला मी गेले, पण आतल्या बायकांनी मला मागच्या ओळीत जागा दिली.

*

यंदा, म्हणजे बरोबर चोवीस वर्षांनी, पल्लवीचा निरोप आला. तिच्या मुलीचं लग्न. चुडा जुलेखामावशीनंच भरायचा. जागा, पालिकेचं मंगल कार्यालय.

त्या जिन्यावर मी कधी पाय ठेवला नव्हता. खालच्या गाळ्यांसमोरून चालतानाही नजर पलीकडच्या बाजूला ठेवते. पण चुडा म्हटल्यावर गेले. वर गेल्यावर वाटलं, इथं कुठंतरी दुसरीचा वर्ग होता. आता खुर्च्या, फुलं आणि माइक.

नवरीचा हात आईसारखाच, दोन-दोन. पाच बांगड्या भरून झाल्या होत्या. पल्लवी माझ्याजवळ जमिनीवर बसली. केस पांढरे व्हायला लागलेत तिचे.

"मावशी, एक सांगायचंय. किती वर्षं मनात आहे."

"सांग की."

"माझ्या चुड्याचा दिवस आठवतो? तांब्यावर माझा हात आपटला तो."

"आठवतो. रडलीस किती."

"तो आपटला नव्हता. मी आपटला होता." ती खाली बघत म्हणाली. "आदल्या दिवशी काकांनी घरातल्या सगळ्या बायकांना बसवून सांगितलं होतं. तीन वाजेपर्यंत मणेरणीला उठू द्यायचं नाही. आई म्हणाली, निकाल लागला की ती जाईल. काका म्हणाले, जाणार नाही. तिनंच इथं ओट्यावर शंभरदा सांगितलंय, भरता हात सोडून मणेरीण उठत नाही. एवढं धरून ठेवा, हात अर्धा राहिला पाहिजे."

मीच सांगितलं होतं. त्याच ओट्यावर, मिरवत. माझ्या सासूची गोष्ट, तिच्या सासूची गोष्ट, घराला आग लागली तरी हात सोडला नाही, अशी तिखटमीठ लावून. लोकांच्या हातावरून त्यांची मतं मोजत फिरणारी मी, आणि तिकडं एकानं माझा हात कधीच मोजून ठेवला होता.

"काका गेले. सुमनकाकूही गेल्या. सांगायला मी एकटीच उरले." पल्लवीनं माझ्या पदराचं टोक धरलं. "मला तेव्हा काहीच कळत नव्हतं, मावशी. माफ केलं म्हणा."

कुणाला जाऊन सांगू? हाजीसाहेब बिछान्यावर, माणूस ओळखत नाहीत. रशीदाभाभी गेली. तहसीनबाई गेल्या. गल्लीत जी पोरं मोठी झाली त्यांच्यासाठी मी 'पैसे खाऊन उभी राहिलेली' म्हातारी. त्यांना जाऊन सांगू की मी पैसे खाल्ले नव्हते, बांगडी वाढली होती? आणि साक्षीला देशमान्यांची मुलगी आणू?

पेटी मिटावी आणि उठावं असं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा खरंच वाटलं. पाय जिन्याकडं ओढत होते.

"आजी, दुखतंय," नवरी म्हणाली.

मी बघितलं. तिचं मनगट माझ्या मुठीत होतं. लाल झालेलं. हातात पाच बांगड्या. सहा अजून भरायच्या. पोर माझ्याकडं बघत होती. तिला काही ठाऊक नव्हतं, आणि तिनं माझं काही केलं नव्हतं.

मी मूठ सैल केली. साबणाचं पाणी लावलं. सहावी भरली, सातवी भरली. पल्लवी शेजारी वाट बघत बसून राहिली. अकरावी बसल्यावर मी तो हात पोरीच्या मांडीवर अलगद ठेवला.

"मावशी," पल्लवी म्हणाली, "काहीतरी बोला."

मी नवरीला म्हटलं, "दुसरा हात दे."